विहिरीतलं इंजिन

वडनेर भोलजी
दिवाळीनंतरचा आठवडा, १९७२

इंद्रभान भाऊजींना अन्नपूर्णावहिनीचा आशीर्वाद. अर्धा तुम्ही ठेवा, अर्धा माझ्या जावेला, पुष्पाला द्या.

औंदाही दिवाळीला तुम्ही अमरावतीहून आला नाहीत. तुमच्या वाटचे अनारसे डब्यात घालून शिंक्यावर ठेवले होते, ते मुंग्यांनी नेले. तुमचे दादा म्हणाले, "चाला, मुंग्याईले तरी या घराची वाट सापडते." दोन भावांच्या मधात बोलणारी बाई म्हणजे जात्यातला दाणा.

हे पत्र त्यांच्या मागे लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, पण त्याचा दोष तुमचाच. तुम्ही शाळेतून आल्यावर चुलीपुढच्या राखेत गिरवायचात, ते पाहून पाहून मी शिकले. उत्तर शेजारच्या शेषरावांच्या नावावर पाठवा. ते माझ्याच हातात आणून देतील.

आता कामाचं. पाऊस यंदा तोंड दाखवून गेला. मळ्यातल्या विहिरीचं पाणी खाली गेलं. तुम्हीच सांगितलं होतं की काठावरच्या इंजिनाला फार खोलचं पाणी ओढवत नाही, त्याचा घसाच तेवढा. म्हणून दादांनी कप्पी लावून इंजिन विहिरीच्या आत उतरवलं, पहिल्या टप्प्यावर फळ्या टाकून बसवलं. आता रोज आत उतरायचं, पेट्रोलवर दोरी ओढून चालू करायचं, तापलं की घासलेटवर टाकायचं, मग वर यायचं. मधात घासलेट संपलं की पुन्हा उतरायचं. धूर सगळा आत घुमतो. वर येतात तेव्हा डोळे लाल असतात.

लाईटचा खांब शेषरावांच्या बांधापर्यंत आला आहे. विजेची मोटर बसवली तर तीही आत उतरवावी लागेल, पण तिला धूर नाही आणि चालू करायचा खटका काठावर. विहीर तुम्हा दोघा भावांच्या नावावर, म्हणून कचेरीवाले दोघांच्या सह्या मागतात. कागद सोबत ठेवला आहे. खाली बोटभर जागा आहे, तेवढीच लागते.

खळ्यावर काय झालं ते मी विसरले नाही. दादांनी मोटरचं नाव काढलं, आणि इंजिन तुम्ही तुमच्या इंजिनांच्या दुकानातून हौसेनं आणलेलं, तुम्हाला ते लागलं. दादा म्हणाले, "तू विहिरीची नाई, दुकानाची वकिली करून राह्यला." चार लोकांत म्हणायला नको होतं. तुम्ही म्हणालात, "मंग लाईट घ्याच, पण माह्या सहीशिवाय घेऊन दाखवा." तेही म्हणायला नको होतं. दोघंही एकाच तव्यावरच्या भाकरी, एक जास्त शेकलेली, एक कमी.

दादा आता मोटरचं नावही घेत नाहीत. म्हणतात, "ज्यानं आणलं त्याचंच इंजिन चालू दे. मरेपर्यंत चालवतो." सही पाठवा.

तुमची वहिनी


वडनेर
डिसेंबर, वांगी सुरू झाली

भाऊजी, आशीर्वाद.

तुमचं कार्ड मिळालं. सही नाही मिळाली. तुम्ही लिहिता, "वहिनी, मोटर स्वस्त आणि इंजिन महाग हे कशावरून? धुराचंही तसंच. आधी हिशेब पाठवा, मग बघू." बरं झालं. तुम्ही हिशेब मागितला म्हणजे अजून बोलणं तुटलेलं नाही.

मी आणि शेषरावांनी मिळून पाहिलं. त्यांचे कांद्याचे वाफे आणि आपले वाफे सारखेच, रान सारखं, पाटाची लांबीही जवळपास सारखी. एकाच दिवशी दोघांनी पाणी दिलं. त्यांची मोटर, आपलं इंजिन. आपलं एका पाण्याला जेवढं घासलेट लागलं, तेवढ्या पैशात शेषरावांची दोन पाणी होतात आणि वर चहापुरते उरतात. आपल्याला वरून सुरुवातीचं पेट्रोल वेगळं, ऑइल वेगळं, आणि प्लग तर तुमच्या इंजिनाला पानासारखे लागतात, चघळले की थुंकते. घासलेट आणायला दादा डबा घेऊन नांदुऱ्याला जातात, दिवस मोडतो, तो कुठं लिहायचा मला कळलं नाही.

पण मी एकाच बाजूचं लिहिणार नाही. शेषरावांचा मोटरचा खर्च सुरुवातीलाच इतका झाला की त्यांच्या शालूबाईंच्या पाटल्या गेल्या. दसऱ्याला मोटर जळली, कॉइल भरायला मलकापूरला न्यावी लागली, तोवर त्यांची वांगी माना टाकून बसली. लाईट येते तेव्हा येते. परवा ऐन पाण्यावर गेली तर शेषराव काठावर बसून खांबाकडे असे बघत होते, जसा काही जावई रुसून चालला. दादा इकडून ओरडले, "काहो शेषराव, बटण दाबून पाह्यलं का?" शेषराव म्हणाले, "दाबलं नं नारायणराव. तुमच्या इंजिनाचा धूर इकडं धाडा, त्यावर चालते का पाहतो." दोघंही हसले. तर असं आहे. मोटर काही कामधेनू नाही.

धुराचं म्हणाल तर मी दादांच्या जुन्या धोतराचं पांढरं फडकं विहिरीच्या तोंडावर बांधलं. एका पाण्यात ते तव्याच्या बुडासारखं झालं. शेषरावांच्या विहिरीवर बांधलं ते तसंच्या तसं, नुसती धूळ.

तुम्ही कार्डात लिहिलं की लाईटलाही धूर होतो, पारसला कोळसा जाळतात तेव्हा वीज येते, आपल्याला दिसत नाही एवढंच. खरं असेल. तुम्ही फिरलेले आहात. मी शेषरावांना विचारलं, त्यांच्या साडूनं पारसचं धुराडं पाहिलेलं आहे, तेही म्हणाले खरं आहे. पण भाऊजी, पारसचा धूर आभाळात जातो. आपला धूर विहिरीत बसतो, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून तुमचा भाऊ बसतो.

हिशेब पाठवला. आता सही पाठवा.

वहिनी


वडनेर
संक्रांत झाली

इंद्रभान भाऊजी,

तीळगूळ पाठवते आहे. पुष्पाला म्हणावं, यंदा तीळ महाग म्हणून गूळ जास्त आहे.

पाणी आणखी उतरलं. इंजिन दुसऱ्या टप्प्यावर नेलं. धुराची नळी विहिरीच्या काठापर्यंत पुरत नाही, मधातच तोंड उघडं आहे. जोडाला गोणपाट गुंडाळून वरून चिखल थापला, तो तापला की गळून पडतो. सारी कांद्याच्या बियाण्यासाठी धडपड. गोंडे धरले आहेत. ते वाळले तर पुढच्या साली आम्ही काय लावायचं आणि लोकांना काय विकायचं.

दादांचं डोकं दुखतं. मळ्यातून आले की कपाळाला फडकं आवळून बसतात, कधी जेवलेलं पडतं. मी आधी पित्त म्हणून आलं-लिंबू दिलं, मग मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. पण एक गोष्ट ध्यानात आली आहे, तीच लिहायची होती. बाजाराच्या दिवशी विहिरीवर जात नाहीत, त्या दिवशी डोकं दुखत नाही. मी त्यांना तसं म्हटलं तर म्हणतात, "बाजारात भजे भेटते म्हणून दुखत नाई. तू बी करत जाय रोज."

आणि त्यांचा रंग उजळला आहे. तुम्ही हसाल. विहिरीतून वर येतात तेव्हा गाल, ओठ चांगले लाल दिसतात. शालूबाई मला म्हणाली, "अन्नपूर्णाबाई, नारायणराव तर नवरदेव दिसून राह्यले. काय खाऊ घालता?" मी हसले. घरी येऊन मला ते हसू बरं वाटलं नाही. दुखणाईत माणूस पिवळा पडतो, हे काय आहे?

तुम्ही मागे सांगून पाठवलं होतं, उतरण्याआधी कंदील सोडून बघत जा, आपले आजे-पणजे हेच करत आले. ते दादा रोज करतात, मी सांगायची गरज पडत नाही. पेटता कंदील दोरीनं फळ्यांपर्यंत सोडतात, वाट पाहतात. कंदील विझला तर हवा कोंदट, उतरायचं नाही. अजून एकदाही विझला नाही. वात सरळ उभी. तोच कंदील सोबत ठेवून ते खाली बसतात. त्यामुळं मलाही धीर असतो, खोटं कशाला बोलू.

पण परवा विहिरीतले पारवे मेले. कपारीत जोडी होती, पिलं होती. सगळी पाण्यावर तरंगत होती. अंगाला जखम नाही. दादा म्हणाले, "मुंगसाचं काम." मुंगूस मारतं ते खायला मारतं. मी तेवढं म्हटलं, ते म्हणाले, "तुले इंजिन सवत काऊन वाटते?"

भाऊजी, तुमच्या दुकानात कोणी जाणता असेल त्याला हे सगळं विचारा. लाली, डोकं, पारवे. आणि सही पाठवा.

वहिनी


वडनेर
माघ लागला

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. जाणत्याला विचारलं का नाही, त्याबद्दल एक अक्षर नाही. वर लिहिता, "दादांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहावी, त्याच दिवशी सही करून धाडतो." एकच ओळ. तुम्हाला वाटतं तुम्ही थोडं मागितलं.

मी काल जेवताना विषय काढला. तुमचं पत्र येतं हे सांगावंच लागलं. त्यांनी घास खाली ठेवला नाही, चिडलेही नाहीत. विचारलं, "बरा आहे का तो?"

मी म्हटलं, "बरा आहे. तुमची एक ओळ मागते."

"काय लिहू? का माह्यं चुकलं?"

"चुकलं नका लिहू. नुसतं लिहा, बाबू, सही कर."

त्यांनी ताट पुसून भाकरीचा शेवटचा तुकडा खाल्ला. मग म्हणाले, "त्याले म्हणा, कांदा निघू दे. हे बियाणं त्याच्याच इंजिनावर काढून दाखवतो. मंग लिहितो. मंग लिहिलं तर शोभंल."

मी म्हटलं, "अन् तोवर?"

"तोवर कंदील आहे नं."

तुम्हाला कळलं का, भाऊजी? तुमचं इंजिन वाईट नाही हे तुम्हाला दाखवायला ते रोज आत उतरून राह्यले. तुमची लाज राखून मग सही मागणार आहेत. आणि तुम्ही तिकडं त्यांच्या ओळीची वाट पाहता.

इंजिन आता तळच्या फळ्यांवर आहे. काठावरून बघितलं तर माणसाचं फक्त पागोटं दिसतं आणि कंदिलाचा उजेड. आवाज विहिरीतून असा येतो जसं जमिनीच्या पोटात कोणी दळतं आहे.

मी ओळ लिहून घेईनच. पण तुम्ही थांबू नका.

वहिनी


वडनेर
शिवरात्रीच्या अगोदर

भाऊजी,

दादा जिवंत आहेत. हे पहिल्यांदा वाचा, मग बाकीचं.

सोमवारची सकाळ. त्यांनी कंदील सोडला, तो तेवत राहिला. उतरले, इंजिन चालू केलं, वर आले. मी गोंड्यांच्या वाफ्यांवर पाण्याची दारं धरत होते, पाणी चांगलं येत होतं. मग घासलेट भरायला पुन्हा उतरले. मी दोन वाफे फिरवले, तिसरा फिरवला. एवढा वेळ लागत नाही. इंजिन चालू होतं, पाणी येत होतं, म्हणून जीव थोडा शांत होता. तेच चुकलं म्हणायचं. काठावर जाऊन हाक मारली. उत्तर नाही. वाकून पाहिलं.

ते फळ्यांवर आडवे होते, हात डब्यावर. आणि उशाशी कंदील. भाऊजी, वात सरळ, पिवळी, अगदी देवापुढं जळावी तशी. ते पाहून मला आधी वाटलं, झोपले. कंदील जळतो म्हणजे झोपलेच असतील.

शेषराव धावत आले. त्यांनी धोतराचा काचा मारला नि दगडी पायऱ्यांकडं निघाले. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "थांबा. पारवे असेच मेले होते."

ते म्हणाले, "बाई, कंदील जळून राह्यला, सोडा मले."

मी म्हटलं, "कंदील माणूस नोहे."

माझ्या तोंडून कसं निघालं माहीत नाही. पण ते थांबले. मग आम्ही लिंबाचे डहाळे तोडून दोरीला बांधले आणि विहिरीत वर-खाली, वर-खाली घुसळले, हवा हलावी म्हणून. गाळ काढताना जुनी माणसं करायची तसं. शेषरावांनी ओलं फडकं तोंडाला बांधलं, कमरेला मोटेचा नाडा बांधला. आधी इंजिन बंद केलं, मग दादांच्या काखेतून दोर घातला. मोटेचं जुनं चाक अजून उभं आहे, आपण कधी काढलं नाही. मी बैल जुंपले आणि मोट ओढावी तसे उतारावर हाकले. ज्या बैलांनी पाणी वर काढलं त्यांनीच धन्याला वर काढलं. शेषराव वर येताच भडभडा ओकले, मग झाडाखाली पडून राहिले. ते बरे आहेत.

दादांचे गाल लाल होते. नवरदेवासारखे.

मलकापूरच्या दवाखान्यात बैलगाडी नि मग मोटार करून नेलं. नळीनं हवा दिली. दुपार कलताना डोळे उघडले. डॉक्टर तरुण आहेत, रागावले माझ्यावर, मग समजावलं. म्हणाले, इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो, त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात शिरतो नि आतल्या आत गुदमरवतो, म्हणून अंग लाल दिसतं. मी म्हटलं, साहेब, कंदील जळत होता. ते म्हणाले, "आजी, कंदिलाला जळायला पुरेल एवढी हवा तिथं होती. कोंदट विहिरीतला वायू वेगळा, तो कंदील विझवतो. हा विझवत नाही. तुम्ही जुन्या चोराला पकडायचा सापळा नव्या चोराला लावला."

मी तुमच्यावर दोष ठेवत नाही. कंदिलावर माझाही भरवसा तेवढाच होता, दादांचाही, शेषरावांचाही. गावात आजपर्यंत कोणाला दुसरं ठाऊक नव्हतं. पण आता ठाऊक आहे.

वहिनी


वडनेर
होळी जवळ आली

भाऊजी, तुम्हा दोघांना आशीर्वाद.

तुमची सही मिळाली. सोबतची चिठ्ठी मी एकटीनं वाचली, तीन ओळींची. ती मी कोणाला दाखवणार नाही. कागद शेषरावांनी कचेरीत दिला. साहेब म्हणाले, खांब आणि तार मंजूर व्हायला पाडवा उलटेल.

दादा घरी आले. चार दिवस अंथरुणात, मग अंगणात, मग मळ्यात. लोक बघायला येत होते. त्यातल्या अर्जुनरावांना म्हणाले, "यमाच्या दारात गेल्तो, पण तिथं बी लाईट नव्हती, परत आलो." सगळे हसले. मला वाटलं सुटलो.

कांद्याचे गोंडे वाळले. पाणी द्यायला कोणी उतरेना, मी उतरू दिलं नाही. इंजिन अजून तळच्या फळ्यांवरच आहे. ते वर ओढायला आत माणूस लागतो नि आता गावात कोणी तयार नाही. शेषराव म्हणाले, मी उतरतो, तर शालूबाई आडवी पडली. बरोबर आहे तिचं.

डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हा वायू कधीकधी मागाहून दगा देतो. महिनाभर लक्ष ठेवा, डोक्यावर परिणाम होतो का पाहा. मी दादांना ते सांगितलं नाही.

काही विशेष नाही, पण लिहून ठेवते. भाजीत मीठ घातलं का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं, तरी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. परवा बैलाला हाक मारायला तोंड उघडलं आणि नाव आठवेना. बैलाकडं बघत उभे राहिले. मग माझ्याकडं बघून हसले, लहान पोरं चूक झाल्यावर हसतात तसे.

उन्हाचा त्रास असेल.

वहिनी


वडनेर
पाडव्यानंतर

इंद्रभान,

आज तुला तू म्हणते. तू लहान असताना म्हणायची तसं. रागावू नको, मोठेपणीचे शब्द आज मला सापडत नाहीत.

उन्हाचा त्रास नव्हता. डॉक्टर म्हणाले होते तेच झालं. पुन्हा मलकापूरला नेऊन आणलं, ते म्हणाले, काही परत येईल, काही येणार नाही, किती ते सांगता येत नाही. सध्या दादांचं चालणं बैलाच्या पायात लोढणं असावं तसं झालं आहे. बसले तर बसलेच. मी घास भरवते. पण गोड बोलतात. इतके गोड आयुष्यात बोलले नव्हते.

त्यांना तुमचं भांडण आठवत नाही. खळ्यावरचं एक अक्षर आठवत नाही. रोज सकाळी विचारतात, "इंद्रभान घासलेट घेऊन आला का नांदुऱ्याहून?" त्यांना वाटतं तू इथंच आहेस, जरा बाजारात गेला आहेस. पहिल्या दिवशी मी म्हटलं, तो अमरावतीला असतो. ते म्हणाले, "कायले?" मी काय सांगू कायले? आता मी म्हणते, येतो आहे. ते खूश होतात. भांडण दोघांचं होतं, आता एकट्या तुझ्याकडं राहिलं आहे. ठेवायचं तर ठेव, टाकायचं तर टाक, इकडं त्याला वाटेकरी नाही.

पण मी हे सांगायला पत्र लिहीत नाही.

विहिरीत काय झालं तेही ते विसरले आहेत. पडले, ओढून काढलं, दवाखाना, काहीच नाही. हाताला मात्र सगळं आठवतं. चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही त्या हातांना इंजिनाची टाकी कशी उघडायची, प्लग कसा पुसायचा, दोरी चाकाला कोणत्या अंगानं गुंडाळायची हे सगळं येतं. अंगणात बसून हवेत गुंडाळतात. जरा पाठ फिरवली की मळ्याची वाट धरतात. काल मी त्यांना विहिरीच्या दुसऱ्या टप्प्यावरून वर आणलं. शेषराव धावले म्हणून, नाहीतर माझ्यानं झालं नसतं. त्यांच्या हातात पेटलेला कंदील होता. मला म्हणाले, "जळून राह्यला नं, मंग काऊन भेतं?" दुसऱ्याला समजावून सांगता येतं. ज्याच्याजवळ सांगितलेलं संध्याकाळपर्यंत राहत नाही त्याला कसं सांगू?

विहिरीच्या पायऱ्यांवर काट्या टाकल्या, त्या त्यांनी उचलून बाजूला ठेवल्या, व्यवस्थित, एकावर एक. पेट्रोलची बाटली मी ओतून दिली. पण इंजिनाच्या टाकीत अजून आहे, आणि ते आत आहे, आणि आत जायला कोणी तयार नाही. लाईटवाले म्हणतात येत्या महिन्यात. लाईट आली तरी इंजिन तिथं आहे तोवर ते तिथंच जाणार. मोटर त्यांना ओळखता येत नाही. परवा शेषरावांच्या मोटरपाशी नेलं तर म्हणाले, "हे काय मेल्यासारखं पडलं आहे, आवाज नाई, काही नाई."

म्हणून इंद्रभान, मला तुझी सही नको, पैसे नको, हिशेब नको. तू ये. ते इंजिन कसं सोडवायचं, कसं वर काढायचं, तुला माहीत आहे. लिंबाचे डहाळे मी तोडून ठेवते, दोर ठेवते, बैल ठेवते, शेषराव वर उभे राहतील. ते बंद इंजिन आहे, त्याला धूर नाही, डॉक्टरांना मी विचारून घेतलं आहे. तू ते वर आण आणि घेऊन जा, कुठंही ने. आणि जाण्याआधी त्यांच्यापुढं थोडा बस. ते तुला घासलेटाचं विचारतील. आणलं म्हण.

पुष्पाला घेऊन येऊ नको. आधी एकटा ये.

मी हे मळ्यात, विहिरीच्या काठावर बसून लिहिते आहे, कारण घरी बसवत नाही त्यांना. समोर बाजेवर बसले आहेत. इंजिन चालू करायची दोरी मी कालच चुलीत घातली, त्यामुळं जरा निश्चिंत होते. आता मान वर करून पाहिलं तर ते बाजेचीच सुतळी सोडवत आहेत. पायथ्याकडची सगळी सोडवून झाली. मी विचारलं, कायले सोडवता? माझ्याकडं न बघता म्हणाले, "इंद्रभान येईल तोवर पीळ घालून ठेवतो."

दोन पदरी पीळ घालताहेत. चांगला घट्ट. मी विचारलं तेव्हा दोरी वीतभर होती, आता जमिनीला टेकली आहे.